हौद्यातले नाना

जुनी गाडी घ्यायला निघालेली माणसं आधी बॉनेट उघडून बघतात. आमचे शेजारी नाना मागचा फाळका उघडत, हौद्यात चढत आणि चक्क उताणे झोपत. छातीवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या. "चालव," एवढंच म्हणत आणि डोळे मिटत.

कामतघरच्या आमच्या चाळीत यावर भरपूर हसून झालं होतं. तीस वर्षं सुताची बाचकी वाहिलेले हे ड्रायव्हर, पण आता कुणी कितीही आग्रह केला तरी पुढच्या सीटवर बसायचे नाहीत. इंजिनाचं विचारलं की म्हणत, "इंजिन खोटं बोलतं. पाठीला इचार." फेरी संपली की तांब्यात उरलेलं पाणी बघायचं, सदरा पिळायचा आणि निकाल द्यायचा. हसायचो खरे, पण त्यांनी नापास केलेली गाडी घेऊन सुखी झालेला माणूस मला भेटलेला नाही.

म्हणून नव्वद सालाच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात दत्तू त्यांच्याकडे आला. दत्तू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा नवरा. गवताच्या गाठींचा धंदा, गाव आत, वाट ओढ्यातून. पावसाळ्यात एसटी बंद. सुमनचे दिवस श्रावणात भरणार होते आणि सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे ती माहेरी यायला तयार नव्हती. पिकअप गवतासाठी घेतोय, असं दत्तू सगळ्यांना सांगत होता. वेळ आली की सुमनला दवाखान्यात कसं न्यायचं, या विचाराने माझी मात्र झोप उडाली होती.

राहनाळला गोडाऊनमागे दोन गाड्या उभ्या होत्या. एक चौदा वर्षांची, चारही चाकांना जोर असलेली, पुढचं दार दोरीने बांधलेलं. दुसरी तीन वर्षांची, पांढरीशुभ्र, आत कॅसेट वाजतेय. दत्तूची नजर पांढरीवरून हलेना.

"नवी घ्या चाचा, एकदम मक्खन," दलाल म्हणाला.

"वढ्यावर चल," नाना म्हणाले.

दोन्ही गाड्या दत्तूच्या गावच्या ओढ्यावर नेल्या. वैशाखातला कोरडा ओढा, नुसते धोंडे. दलाल स्वतः नवी चालवायला बसला, नाना हौद्यात आडवे. उतार झकास उतरली. पलीकडच्या चढावर अर्ध्यात मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, खडी उडाली, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकू लागली.

"नाना, उडी मारा!" मी ओरडलो.

नाना हलले नाहीत. गाडी आधी हळूहळू, मग भराभर खाली आली आणि एका मोठ्या धोंड्याच्या वीतभर अलीकडे ब्रेक लागला. मी धावलो. नानांनी रिकामा तांब्या दाखवला. "सुमन असती मंग?"

आमच्यात हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. दत्तूचा चेहरा उतरला.

मग जुनी. दत्तू चाकावर. कण्हली, धूर ओकला, पण न थांबता चढून गेली. तांब्यात अर्धं पाणी होतं.

"म्हणजे हीच घेऊ?" दत्तूने विचारलं.

नाना झोपूनच होते. "आमच्या हिला असंच नेलं व्हतं. मी पुढं, हाकत. ती मागं, एकटी. मागं वळून बघायला भ्यालो. हू का चू केलं न्हाय तिनं. मला वाटलं, झोपली." ते थांबले. "किती लागलं असंल तिला, तेवढंच बघत असतो."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

"जुनी घे," नाना म्हणाले. "पर त्या दिवशी तू पुढं बसू नको. तिच्याजवळ बस."

"मग चालवणार कोण नाना? गावात दुसऱ्या कुणाला येत न्हाय."

नाना उठून बसले. मग खाली उतरले, तांब्या दत्तूच्या हातात दिला, दाराची दोरी सोडली आणि चाकावर जाऊन बसले.

"चढ मागं," ते म्हणाले. "सांडू नको."

मी त्यांच्या शेजारी बसलो. परतीच्या वाटेवर सायकलवालेसुद्धा आम्हाला मागे टाकून गेले, कारण नाना दर दहा पावलांवर मान वळवून मागच्या काचेतून बघत होते.