पुंडलिकनगरची बेपत्ता गिऱ्हाइकं

मराठवाड्यात पाणी आणि गुप्तहेर या दोन्ही गोष्टींचा दुष्काळ आहे. पैकी पहिल्याबद्दल मला काही करता येत नाही. दुसऱ्याची सोय माझ्या जन्माने झाली.

मी रामहरी दिघुळे. माझी नजर घारीची आहे. चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो तो भाग वेगळा. आजवर मी सदतीस प्रकरणं हाताळली. त्यातली सुटली किती, असले प्रश्न कोत्या मनाची माणसं विचारतात. २०१९ च्या उन्हाळ्यात धंदा जरा मंद होता, म्हणून पाटीवर ‘खाजगी गुप्तहेर’च्या खाली ‘व सोशल मीडिया जाहिरात सल्लागार’ एवढं रंगवून घेतलं. दोन्ही धंदे तसे एकच. माणसाला पत्ता न लागू देता त्याच्या मागे लागायचं.

माझं ऑफिस शहागंजात नोमानच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरमागच्या स्टुलावर आहे. मी नोमानला सहायक म्हणतो. तो मला भाडेकरू म्हणतो.

त्या दिवशी रत्नमालाताई आल्या त्या घाम पुसतच. पुंडलिकनगरात घराच्या पुढच्या खोलीत त्या पैठणीवरचे ब्लाउज शिवत. त्यांची जाहिरात दोन आठवड्यांपूर्वी मीच केली होती.

“रामहरीभाऊ, चारशे लाईक आले,” त्या म्हणाल्या.

“अभिनंदन!”

“गिऱ्हाईक एक नाय आलं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सासरे कडुबामामांना वाटे की घरातल्या सुनेने परक्यांची मापं घेत बसणं काही खरं नाही. तरी एक संधी म्हणून, महिनाअखेरपर्यंत बाहेरची गिऱ्हाइकं आली तर ठीक, नाहीतर पुढची खोली पुतण्या कचरूच्या मोबाईल कव्हरच्या दुकानाला द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. महिना संपायला चार दिवस उरले होते.

“ती खोली गेली, की माझी मशीन न्हाणीघराशेजारी,” रत्नमालाताई म्हणाल्या. “तिथं ना उजेड, ना कुणी यायचं. मग संपलंच माझं.”

मी जाहिरात पुन्हा डोळ्यांखालून घातली. निर्दोष होती. जांभळा ब्लाउज, पाठीवर मोर. ब्लाउज खुद्द ताईंनीच घातला होता. सुनेचं तोंड फेसबुकवर नको, अशी कडुबामामांची अट असल्याने फोटोत फक्त पाठ होती. खाली ओळ: ‘पैठणी तुमची, शोभा आमची!’ फोन नंबर मी मुद्दाम दिला नव्हता, कारण गुप्ततेशिवाय कुतूहल निर्माण होत नाही. पत्ताही मोजका: ‘पुंडलिकनगर, पाण्याच्या टँकरसमोर.’ त्या गल्लीत वर्षभर गॅसवाल्यापासून मुलगी पाहायला येणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना पत्ता असाच सांगत.

खाली प्रतिक्रिया होत्या. ‘आज येते ताई.’ ‘उद्या नक्की.’ आणि तीन ठिकाणी, ‘येऊन गेले, दुकानच नाही.’

“दुकानच नाही!” मी काउंटरवर मूठ आपटली. त्यासरशी कुणाचा तरी उघडा मोबाईल खाली पडला. “ताई, हे कारस्थान आहे. हे लिहिणाऱ्या बायका प्रतिस्पर्ध्याने पेरल्या आहेत.”

“रामहरीभाई,” नोमान जमिनीवरचे स्क्रू वेचत म्हणाला, “एक बार उन औरतों को मेसेज करके पूछ लेव ना.”

“संशयिताला सावध करायचं नसतं,” मी म्हणालो. सहायकांना शास्त्र कळत नाही.

पहिला संशय आमच्या दुकानामागच्या गल्लीतल्या लेडीज टेलर जब्बारभाईंवर होता. मी ब्लाउजपीस घेऊन गिऱ्हाईक म्हणून गेलो.

“किसका माप है?” त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. “माझंच,” मी म्हणालो.

जब्बारभाईंनी चेहरा जराही न हलवता टेप काढली. “छाती अडतीस. पीछे से गला कितना खुला रखने का?”

मी विषय पुंडलिकनगरकडे वळवला. “वो बहन? उसका हाथ भोत साफ है,” ते म्हणाले. “पैठणी का काम आया तो मैं खुद उधर भेजूंगा. मेरी नजर अब बारीक काम को साथ नहीं देती.”

इतका चांगुलपणा पाहून माझा संशय दुप्पट झाला, पण पुरावा मिळाला नाही. ब्लाउज मात्र गुरुवारी तयार होणार होता.

दुसरा संशय थेट कडुबामामांवर. घरी आलेली गिऱ्हाइकं तेच परतवून लावत असणार! मी दिवसभर त्यांच्या घरासमोर पाळत ठेवली. रस्ता सिमेंटचा करण्यासाठी दोन आठवड्यांपूर्वीच खणून ठेवलेला होता, त्यामुळे लपायला खडीचा आयता ढीग मिळाला. घारीच्या नजरेतून काही सुटलं नाही. कडुबामामा ओट्यावर बसून होते. गिऱ्हाईक आलं नाही, त्यामुळे परतवलंही गेलं नाही. दुपारी ते ढिगामागे आले.

“उन्हात किती बसताल? हे घ्या, पाणी प्या,” ते म्हणाले. “अर्धाच गिलास हाय. राग मानू नका.”

जायकवाडी धरणाने तळ दाखवला होता. त्या दिवसांत अर्धा ग्लास म्हणजे पाहुणचारच. मी पाणी प्यालो आणि त्यांचं नाव वहीतून खोडलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी नोमानला घेऊन पुंडलिकनगरात गेलो आणि पुढच्या खोलीत सगळ्यांना बसवून अंतिम निष्कर्ष सांगितला.

“ही गिऱ्हाइकं नाहीतच!” मी म्हणालो. “चारशे लाईक म्हणजे चारशे खोटी खाती. परदेशात बसलेल्या एखाद्या टोळीचं काम.”

“परदेशातल्या टोळीला आमच्या सूनबाईच्या ब्लाउजशी काय करायचं?” कडुबामामांनी विचारलं.

“त्याचा तपास चालू आहे.”

“म्हंजे गिऱ्हाईक नव्हतंच. मी तेच म्हणत होतो.” ते उठले. “उद्या कचरू काचंचं काउंटर घेऊन येईल. मशीन आत घ्या.”

रत्नमालाताई रडल्या नाहीत. मशीनवर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, “मामा, मी काय वाईट शिवते का?” मला पहिल्यांदाच माझ्या हुशारीची लाज वाटली.

तेवढ्यात सासूबाई, सारजाबाई, दोन रिकामे कॅन हातात घेऊन दारात आल्या. त्यांच्यामागे चार अनोळखी बायका होत्या, प्रत्येकीच्या हातात पिशवी.

“पाणी कुठंय?” कडुबामामांनी विचारलं.

“नाय आणलं. बाया आणल्या.” सारजाबाई खाली टेकल्या. “रस्ता खणल्यापसून टँकर तिकडं नव्या प्लॉटिंगवर उभा ऱ्हातो, ठावं हाय ना? तर अशा बाया दर टँकरला तिथं येऊन दुकान हुडकीत्यात. मला वाटायचं पाण्यालाच आल्यात. आज हिनं मोबाईलमदी फोटू दावला. तोंड नव्हतं, पर पाठ वळखली. म्हणलं, ही तर माझी सून!”

“दोनदा आले मी,” त्यातली एक म्हणाली. “तिथं समोर नुसती विटांची भट्टी. लिहिलं पण, दुकानच नाही म्हणून.”

“अगं बाई,” रत्नमालाताई म्हणाल्या. “टँकर गेला, आणि आपण अजून टँकरसमोरच म्हणतोय.”

नोमान माझ्याकडे बघत होता. मी छताकडे बघत होतो. जाहिरात नको तितकी चालली होती. चारशे लोकांना तिने अचूक चुकीच्या जागी पोचवलं होतं.

“म्हंजे रांगेतला नंबर सोडून आलीस?” कडुबामामांनी बायकोला विचारलं.

“सोडला. सकाळधरनं धरला होता.”

टँकरचा नंबर सोडणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पुढचा टँकर परवा.

“घरात पाणी किती हाय?”

“आजच्या रातीपुरतं.”

कडुबामामांनी त्या चार बायका बोटांवर मोजल्या. रत्नमालाताईंनी तोवर टेप गळ्यात घातली होती आणि पहिलीचं माप घ्यायला सुरुवातही केली होती. मामांनी कचरूला फोन लावला, “काउंटर आणू नको,” एवढंच म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदाच पाण्याचे कॅन उचलले. एक माझ्या हातात दिला.

प्लॉटिंगवर रांग दोनशे माणसांची होती आणि आम्ही शेवटचे. मी त्यांना या प्रकरणातलं माझं योगदान समजावून सांगणार होतो, पण ते माझं ऐकत नव्हते. त्यांचं लक्ष पुढे उभ्या असलेल्या, मोबाईलमध्ये बघून इकडेतिकडे शोधणाऱ्या एका बाईवर होतं. त्यांनी घसा साफ केला. मग तरुणपणी मेंढरं हाकताना कमावलेल्या आवाजात, दोनशे माणसांना ऐकू जाईल असं ओरडले, “ब्लाउज कुणाला शिवायचाय? माझी सून शिवते! चला, घर दावतो!”

आणि आपला कॅनही माझ्या हातात देऊन, सारजाबाईंपाठोपाठ आपणही नंबर सोडून, ते त्या बाईच्या पुढे चालू लागले.