भालेराव आणि फुकटची हवा

भालेराव बोलता बोलता एकदम बोट वर करतात आणि म्हणतात, "गप." समोर कोण बसलंय याचा विचार नाही. मान तिरकी होते, डावा कान पुढे येतो, आणि मग ते उठून चालायला लागतात.

आमच्या अकाउंट्समधल्या मुलीचा साखरपुडा मोशीच्या एका कार्यालयात होता. गुरुजींनी नुकता कुठे मंत्राला सूर लावला होता, तेवढ्यात भालेरावांचं बोट वर गेलं. ते उठले, सरळ स्टेजमागे गेले आणि पडदा बाजूला सारला. तिथे फुगेवाला गॅसचं सिलिंडर जवळ ठेवून निवांत वडापाव खात होता. भालेरावांनी सिलिंडरची चावी आवळली, "गळत होतं," एवढं गुरुजींना सांगितलं आणि जागेवर येऊन बसले. नवऱ्या मुलाच्या आईला अजूनही तो अपशकुन वाटतो.

आमची कंपनी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवते. मी परचेसमध्ये आहे. भालेराव युटिलिटीचे प्रमुख, म्हणजे बॉयलर, पाणी, वीज आणि कंप्रेसर सगळं त्यांच्याकडे. मूळचे मराठवाड्यातले. इकडे येऊन जन्म गेला, पण बोलणं तिकडेच राहिलं.

कंप्रेसरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण भालेरावांच्या या सवयीचं मूळ तिथे आहे. कारखान्यातली निम्मी यंत्रं दाबलेल्या हवेवर चालतात. कंप्रेसर हवा दाबतो आणि ती नळ्यांतून शॉपभर, म्हणजे यंत्रांच्या अख्ख्या शेडभर, फिरते. नळीला बारीकसं भोक पडलं, एखादा जोड सैल झाला, की तिथून हवा शिटी वाजवत निघून जाते. दिसत नाही, वास येत नाही, कुणाच्या पायावर सांडत नाही. पण ती भरून काढायला कंप्रेसर धावत राहतो आणि वीज खात राहतो.

"हवा फुकट असती ताई," भालेराव मला म्हणायचे. "दाबलेली हवा फुकट नसती. पाण्याचा नळ गळायला लागला तर शिपायापासून साहेबापर्यंत सगळे बोंबलतात. हवेचा नळ गळायलाय तर सगळे बहिरे."

उन्हाळ्यात एकदा वेल्डिंग लाइनवरचा एक कामगार हवेची बंदूक शर्टात घालून उभा होता. भालेरावांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. "अंगाला वारा पाहिजे तर पंखा माग. ही हवा खाती तेवढ्या विजंत तुझ्या चाळीतले समदे पंखे फिरतील."

"पंखा आहे कुठं साहेब?" तो म्हणाला.

भालेरावांनी वर पाहिलं. खरंच नव्हता. मग त्या पंख्यांसाठी ते माझ्या टेबलापाशी असे भांडायला लागले, की जणू मीच ते घरी नेऊन लावले होते. पंखे आले तेव्हाच माझी सुटका झाली.

गळती सापडली की ते तिथे लाल रिबन बांधायचे. दुरुस्तीला सामान लागतं, लाइन थांबावी लागते, तोवर जागा विसरू नये म्हणून. रिबनची मागणी पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं, कसलं तरी उद्‌घाटन असेल. रविवारी कारखाना बंद असताना ते कंप्रेसर तेवढा चालू ठेवून एकटेच शॉपमध्ये फिरायचे, कारण त्या शांततेत शिटी नीट ऐकू येते. सोमवारी आम्ही कामावर यायचो तर छताखालच्या नळ्यांना जागोजागी लाल शेपट्या लोंबत असायच्या. काही सुटायच्या, पण नव्या जास्त लागायच्या. सामानाच्या मंजुरीचा कागद प्लांट हेडच्या टेबलावरून पुढे सरकतच नव्हता.

आणि अशात आमच्या कंपनीला पुरस्काराची ढाल जाहीर झाली. कार्बन उत्सर्जन कमी केल्याबद्दल. गेटवर झाडं लावली होती, छपाईचे कागद कमी केले होते, आणि एक फार सुंदर अहवाल तयार झाला होता. ढाल द्यायला पाहुणे येणार, समारंभ शॉप फ्लोअरवरच होणार असं ठरलं.

आदल्या दिवशी प्लांट हेड सरदेसाईसाहेब शॉपमधून फिरले आणि म्हणाले, "हे लाल काय आहे सगळीकडे? जखमा दिसतायत. काढा."

दोन माणसं शिडी आणि कात्री घेऊन आली. दुपारपर्यंत एकही रिबन उरली नाही. भालेराव शिडीखाली उभे राहून बघत होते. कापलेल्या रिबनी त्यांनी स्वतः गोळा केल्या. "कुठली कुठं होती, आता कोण सांगणार?" एवढंच म्हणाले. त्या कात्रीचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी भाषणं ऐकू यावीत म्हणून सगळ्या लाइनी थांबवल्या. कंप्रेसर बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. पाहुणे बोलायला उभे राहिले. पृथ्वी, पुढची पिढी, आपली जबाबदारी. वाक्य संपून ते श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात मधल्या रांगेतून भालेराव उठले.

"साहेब, एक मिनिट सगळ्यांनी शांत राहावं, ही विनंती," ते म्हणाले.

आवाज इतका गंभीर होता, की पाहुण्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली. ते बघून सरदेसाईसाहेब उठले. मग आम्ही सगळे उठलो. शेकडो माणसं मान खाली घालून उभी, आणि चहूबाजूंनी, छतातून, खांबांमागून, यंत्रांच्या पोटातून शिट्या. बारीक, जाड, सलग. इतकी वर्षं त्या शॉपमध्ये येऊन मी त्या कधी ऐकल्या नव्हत्या.

पाहुण्यांनी हळूच सरदेसाईसाहेबांना विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही साहेब," भालेरावच बोलले. "हवा चाललीय. ढाल द्या, पण आधी ऐका म्हटलं."

समारंभानंतर सरदेसाईसाहेबांनी भालेरावांना केबिनमध्ये बोलावलं. काचेबाहेरून आम्हांला फक्त हातवारे दिसले, आणि दोघांचेही सारखेच होते. निकाल असा लागला, की सामान मंजूर झालं, कारण पाहुण्यांनी जाताना त्याबद्दल दोनदा विचारलं. रिबनीही चालतील, पण हिरव्या.

"हिरव्या," भालेराव माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले. "ताप आलेल्याच्या कपाळाला पावडर लावायची."

त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसेना. साहेबांची नजर वाकडी झालेल्या माणसाशेजारी बसायला आमच्याकडे धाडस लागतं. मी बसले. बस सुटली तसा त्यांचा फोन वाजला. गावाकडून आई होती. त्यांना स्पीकर लावल्याशिवाय बोलता येत नाही.

"जेवलास का?" आईने विचारलं.

"जेवलो. राख पडायलीय का गं आज?"

"न्हाई बग. धुणं पांढरंशुभ्र वाळलंय. तू काय केलंस आज?"

"सामान मंजूर करून घेतलं. आता समदी भोकं बुजवतो."

"तरीच," आई समाधानाने म्हणाली. "तरीच आज न्हाई पडली."

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "गावाशेजारीच विजेचं केंद्र हाय. कोळशावरचं. लहानपणापासून बघतोय, वाळवणावर राख, अंथरुणावर राख. आई रोज सकाळी तुळस धुवायची."

"म्हणजे आता खरंच कमी झालीय?"

"तिला दिसत नाही ताई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला तयार होत नाही, इकडं यायलाही तयार नाही. धुणं शेजारीण वाळू घालती."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"इथं वीज वाचली की तिकडं कोळसा कमी जळंल, असं मीच तिला सांगितलंय. पण वीज समदी एका तारंत मिसळलेली असती, ते काय मला कळत नाही?" ते म्हणाले. "आपल्या चार शिट्यांनी तिच्या अंगणात काय फरक पडायलाय. तिलापण ठाऊक असंल. पण मला बरं वाटावं म्हणून सांगती."

बस मोशीच्या चौकात अडकली. भालेरावांनी फोन शर्टाला पुसून खिशात ठेवला.

"उद्या पुन्हा विचारंल, आज काय केलंस म्हणून," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सांगायला कायतरी लागतं."