सरकारी वाटेल इतका फाटका आवाज

गेल्या वर्षी आमच्या ग्रामपंचायतीने नवे स्पीकर बसवले आणि त्यांतून साफ आवाज यायला लागला, ही अडचण झाली. गाव कर्नाटकातल्या औराद तालुक्यातलं. नाव सांगत नाही, मला तिथंच राहायचंय. लग्नाची, जयंतीची गाणी रेकॉर्ड करायचा माझा छोटा स्टुडिओ आहे. पंचायतीच्या दवंडीचं कामही माझ्याकडेच. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, सिद्धेश्वर बोलणार, मी लॅपटॉपवर घेणार, आणि स्पीकर ते दिवसातून तीनदा वाजवणार.

पहिल्याच ग्रामसभेला चार जण आले. न आलेल्या मल्लप्पांना विचारलं, तर म्हणाले, "कामून यावं? साडीच्या सेलचं सांगायलेत असं वाटलं. सरकारी आवाज असा असतोय व्हय?" चाळीस वर्षं गावाने सरकार फुटक्या भोंग्यातूनच ऐकलेलं. मल्लप्पांचं काही चुकलं नव्हतं.

पीडीओंनी मला बोलावलं. "संघपाल, आवाज जरा फाडता येतोय का रे?"

"येतोय की साहेब. डिस्टॉर्शन म्हणून इफेक्ट असतोय. गिटारला लावतेत."

"शासनाला लाव."

वीस टक्के लावलं आणि पुढच्या सभेला सतरंज्या पुरेनात. पीडीओंनी रीतसर टिप्पणी तयार केली: डासांची फवारणी तीस टक्के, नळाची वेळ पन्नास, शेवटची तारीख असलेली कोणतीही सूचना नव्वद. नव्वदला कन्नड कुठं संपतं आणि मराठी कुठं सुरू होते ते कळेना. दोन्ही भाषांना समान न्याय मिळाला. एकही तक्रार आली नाही, कारण शेजाऱ्याला समजलं असेल असं प्रत्येकाला वाटत होतं.

मार्चमध्ये नव्वदची दवंडी लागली. माझी माय भागाबाई रोज ओट्यावर उभी राहून ऐकायची. "काय दणदणीत आवाज काढलास रे! पण काय सांगायलेत?" मी गडबडलो. रेकॉर्ड करताना मी शब्द ऐकत नाही, पडद्यावरची पातळी बघतो. "ऐकून सांगतो," म्हणालो आणि लग्नसराईत विसरलो. सांगायलाही लाज वाटते.

एप्रिलमध्ये मायचं नाव रेशनच्या यादीत नव्हतं. स्टुडिओत धावलो, इफेक्ट बंद केला. पीडीओ स्वच्छ शब्दांत सांगत होते: रेशनकार्डासाठी अंगठा द्या, नाहीतर नाव कमी होईल, शेवटची तारीख पंधरा मार्च.

तसाच पंचायतीत गेलो. "साहेब, कुणालाच काही समजलं न्हाई."

"तक्रार आली का?"

"न्हाई."

"म्हणजे समजलंय." त्यांनी एक कागद पुढं केला. "ही कमी झालेल्या नावांची यादी. रेकॉर्डिंग घे."

"नावं तरी साफ वाजू द्या साहेब. त्यात माझी माय हाय!"

"साफ वाजली तर लोकांना खरं वाटंल का?"

तेही बरोबर होतं, आणि दवंडीचं काम मला सोडायचं नव्हतं. यादी शंभरावर वाजली. माय ओट्यावर मान डोलवत उभी होती.

"समजलं का माय?"

"व्हय की. सरकारचं हाय काहीतरी."

हसा, हसा. पण परवा बँकेत ‘वरील सर्व अटी वाचल्या व समजल्या’ याच्याखाली सही ठोकलीत ना, त्यातली एक अट जरा साफ आवाजात सांगा बघू.