बाईसाहेबांनी सुपारीस यजमान केले त्याची हकीकत

श्रीगणरायास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ज्याच्यापुढे खोटे बोलताना जीभ अडावी त्या देवघरातल्या रांगत्या बाळकृष्णास तीन वेळा नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध एकादशी, बुधवार, ते दिवशी एका राज्यात जो नेम धरिला गेला आणि कार्तिकात ज्याची वाट लागली, तो वृत्तांत जैसा घडला तैसा लिहिला आहे, पदरचे मीठ घातलेले नाही.

राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मुलूख तिसऱ्या मजल्यावरचा, तीन खोल्या आणि एक सज्जा एवढा. गादीवर राजश्री हेरंबराव, चाकरीतून निवृत्त होऊन चार वर्षे जाहलेले, आणि राणीसाहेब सौभाग्यवती कुमुदिनीबाई. बाईसाहेब मृदुभाषणी. सोमवार, चतुर्थी, प्रदोष कधी चुकला नाही, नित्य पोथीचा अध्याय वाचल्यावाचून तोंडात पाणी घेतले नाही, आणि चौतीस वर्षांत त्यांचा चढा आवाज शेजारच्या राज्यास ऐकू गेला नाही. रावांस शौक एकच, पोकर नामे पत्त्यांचा खेळ. त्यात प्रत्येकाच्या हाती दोन पाने झाकलेली, आणि मध्ये पाच पाने सर्वांची म्हणून एकेक उघडत जातात, आणि हाती काही असो वा नसो, असल्याचा आव आणून टिकल्यांची चळत पुढे सारावयाची, मग समोरचा भिऊन पाने टाकील तर डाव आपला. म्हणजे तोंड स्थिर ठेवून थाप मारणे हीच त्या खेळातली मुख्य विद्या. टिकल्या प्लास्टिकच्या, पैशाचा संबंध नाही. राव दोन रणांगणांवर लढत. एक दर रविवारी दुपारी मित्र दामोदरपंत यांच्या घरी, पंत धरून चार दोस्तांसमवेत समोरासमोर, आणि दुसरे मोबाईलच्या काचेवर, जेथे शत्रू परमुलखातला, ना तोंड दिसे ना नाव कळे. आणि नवल ऐसे की काचेवर राव बहुधा जिंकत आणि दामोदरपंतांकडे बारा वर्षे हरत आले. राव म्हणत, "तिथे मला पाने लागत नाहीत. जागाच अपेशी आहे." बाईसाहेब ऐकत आणि वाती वळीत बसत, कारण खरे कारण त्यांस लग्नाआधीपासून ठाऊक होते. राव खोटे बोलू लागले म्हणजे त्यांचा डावा हात आपसूक डाव्या कानाच्या पाळीस जाई. पाहण्याच्या कार्यक्रमात "तंबाखू केव्हाच सोडली" म्हणाले, तेव्हाही गेला होता. बाईसाहेबांनी ही गोष्ट कोणास सांगितली नाही. नवऱ्याची एवढी एक खिडकी आपल्याकडे उघडी असावी, ऐसा त्यांचा मनसुबा.

ते साली कन्या शर्वरी गरोदर होती. यापूर्वी दोन वेळा आशा लागून गेली होती, आणि या खेपेस डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठण्यास मनाई केली होती. तेव्हा आषाढी एकादशीस बाईसाहेबांनी कृष्णंभटजींस बोलाविले आणि लेकीचे बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून चातुर्मासाचा नेम धरिला. बाईसाहेबांनी मीठ सोडिले. मग रावांनीही तळहातावर पाणी घेऊन सांगितले की माझे पोकर चार महिने बंद. कोणी त्यांस बोलावयास लाविले नव्हते, स्वतःहून बोलिले, आणि ते ऐकून बाईसाहेबांचे डोळे भरून आले, हे लक्षात असू द्यावे. भटजी म्हणाले, "नेम जोडीने घेतलात. आता जोडीनेच सोडायचा, देवापुढे बसून, पूर्ण झाला म्हणून सांगून."

मग बाईसाहेबांनी एक लहान पातेले वेगळे काढिले आणि त्यात आपल्यापुरती अळणी आमटी रोज शिजवू लागल्या. श्रावण गेला, गौरी आल्या नि गेल्या, लोकांनी पंचपक्वान्ने खाल्ली आणि बाईसाहेबांनी अळणी भाताचे घास पाण्याबरोबर उतरविले, आणि प्रत्येक घासास मनात म्हणत, माझ्या लेकीचे पोर पदरात घाल. राव रविवारी घरीच राहू लागले आणि सकाळी पोथीच्या वेळी समोर पाट मांडून आपली निराळी पोथी उघडून बसू लागले. बाईसाहेबांस वाटले, माणूस या वयात सुधारला. त्यांनी फोनवर शर्वरीस सांगितलेसुद्धा, "बाबा बघ गं तुझ्यासाठी काय काय करताहेत." आश्विनात शर्वरीस कन्या जाहली, दोघी सुखरूप, आणि राज्यात पेढे वाटले.

त्यानंतर आठवड्याची गोष्ट. बाईसाहेब वाचीत होत्या तो अध्याय राजाच्या वनवासाचा. राजा वल्कले नेसला, प्रजा धाय मोकलून रडू लागली, आणि इतक्यात समोर राव गालात हसले. बाईसाहेबांनी वाचन थांबविले नाही, फक्त नजर वर केली. रावांच्या पाठीमागे भिंतीवर देवाची तसबीर, आणि तसबिरीच्या काचेत रावांची पोथी दिसे, आणि पोथीच्या पानांवर मोबाईल, आणि मोबाईलवर बदामाचा राजा नि बदामाची राणी. बाईसाहेबांनी अध्याय पुरा केला, फूल वाहिले, पोथी बासनात बांधिली आणि विचारिले, "नेम नीट चालला आहे ना?"

"हो तर. हे काय विचारणं झालं," राव म्हणाले, आणि हात कानाशी.

"अहो, मी काचेत पाहिलं."

राव गडबडले, मग सावरले. "त्यास खेळणं म्हणतात काय. हाती कागद नाही, समोर माणूस नाही. वेळ जात नाही म्हणून अंगठा हलवतो झालं. आणि नात झाली ना सुखरूप. म्हणजे देवाला चाललं."

तेव्हा बाईसाहेबांच्या अंगाची लाही लाही जाहली. आवाज चढला नाही, उलट इतका उतरला की रावांस पुढे वाकून ऐकावे लागले. "नात झाली ती देवाच्या दयेनं आणि माझ्या पोरीनं सात महिने आढ्याकडे बघत काढले म्हणून. त्यात तुमचा अंगठा कुठे आला? मी घासागणिक तिचं नाव घेत होते, आणि समोर बसून तुम्ही देवाची पोथी आडोशाला धरलीत. तुम्हांला मी काहीसुद्धा सोडायला सांगितलं नव्हतं. खेळला असतात तर मी चहा करून दिला असता. आता एकच करा. उद्यापनाला माझ्या शेजारी बसून भटजींना खरं काय ते सांगा. मग मी काही बोलणार नाही."

"सांगेन," राव म्हणाले. हात मांडीवरच राहिला, म्हणून बाईसाहेबांनी विश्वास धरिला.

कार्तिक शुद्ध द्वादशी, बुधवार, उद्यापनाचा दिवस. पाट, रांगोळी, समया, सारे सिद्ध. भोजनास दामोदरपंत आणि तिघे दोस्त आले, सोवळी नेसून भिंतीशी ओळीने बसले. यजमान यजमानीण पाटावर बसली आणि कृष्णंभटजींनी विचारिले, "नेम यथासांग पूर्ण झाला?" बाईसाहेब म्हणाल्या, "माझा झाला." मग सर्वांनी रावांकडे पाहिले. रावांनी दोस्तांकडे पाहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "पूर्ण झाला. एक दिवसही पान हाती घेतलं नाही." आणि डावा हात कानाच्या पाळीस गेला. तोच दामोदरपंतांस ठसका लागला, आणि एक दोस्त जमिनीकडे पाहू लागला, आणि दुसरा उपरणे तोंडात धरून हसू दाबू लागला.

बाईसाहेबांनी मान वळविली. "भावजी, कसलं हसू आलं?"

दामोदरपंत म्हणाले, "काही नाही वहिनी. जुनी सवय."

"देवापुढे बसला आहात. सांगा."

दामोदरपंत अवघडून म्हणाले, "वहिनी, हा कानाला हात लावतो तेव्हा याच्या हाती काही नसतं. बारा वर्षं आम्ही या कानावर जिंकतोय."

"तुम्हां चौघांना ठाऊक होतं?"

"खेळात आधी माणूसच वाचायचा असतो, वहिनी. त्याला सांगितलं असतं तर रविवारची मजाच गेली असती."

राव तोंड वासून दोस्तांकडे पाहात राहिले. बाईसाहेबांचा संताप तेव्हा दुणावला, कारण जी खिडकी आपली एकटीची म्हणून चौतीस वर्षे जपिली, तीतून चार रिकामटेकडे दर रविवारी डोकावून टिकल्या उचलीत होते. त्या सावकाश म्हणाल्या, "उठा तुम्ही पाटावरून."

राव म्हणाले, "अगं, लोक आहेत."

"लोकांसाठी नेम नव्हता. उठा."

राव उठले. मग बाईसाहेबांनी तबकातली एक सुपारी उचलिली, धुतली, रिकाम्या पाटावर तांदळाची मूठ ठेवून तीवर बसविली, आणि हळदकुंकू वाहिले. म्हणाल्या, "भटजी, बायको हजर नसली तर पुरुष कनवटीला सुपारी खोचून कार्य उरकतात ना? मग आज माझे यजमान हजर नाहीत. चालू द्या."

भटजी चाचरत म्हणाले, "पण उलट असं शास्त्रात..."

"पोथीआड पत्ते खेळावेत असं कोणत्या शास्त्रात आहे, ते आधी काढून दाखवा. तोवर मी थांबते."

भटजींनी एकदा सुपारीकडे आणि एकदा रावांकडे पाहिले, पळी उचलिली आणि मंत्र चालू केले. सुपारी शेवटपर्यंत स्थिर बसली. उद्यापन यथासांग जाहले.

मग पंगत. बाईसाहेबांनी स्वतः वाढिले. भटजींच्या पानावर मीठ, दोस्तांच्या पानांवर मीठ, आणि आपल्या पानावर चार महिन्यांनी चिमूटभर मीठ. रावांच्या पानापाशी येताच मिठाची वाटी पुढे गेली. मग त्या आत जाऊन ते लहान पातेले घेऊन आल्या, जे सवयीने त्याही दिवशी चुलीवर चढले होते, आणि त्यातली अळणी आमटी रावांच्या भातावर वाढिली. रावांनी चार घास खाल्ले. दामोदरपंतांनी विचारिले, "काय हेरंबा, आमटी कशी झालीये?"

"फार रुचकर," राव म्हणाले, आणि चार दोस्त आणि एक भटजी पाहात असता रावांचा डावा हात कानाकडे निघाला.

तात्पर्य एवढेच की, ते पातेले अद्याप रोज चढते, फक्त जेवणारा बदलला. राव माघापासून दामोदरपंतांकडे कानटोपी घालून खेळावयास बसतात आणि तरीही हरतात, कारण हात टोपीवर जातो. बाईसाहेब मृदुच बोलतात. राग गेला काय, ऐसे कोणी पुसण्याचे धाडस केलेले नाही. सुपारी देवघरात डबीत जपून ठेविली आहे, पुढल्या आषाढीस लागेल म्हणून. इति.