कांबळेबाईंचे त्रिकोण

शाळेत लग्नपत्रिका आली की आम्ही आधी कार्यालयाचं नाव पाठ करून घ्यायचो, कारण कांबळेबाईंच्या हाती लागल्यावर तिचे त्रिकोण व्हायचे. एकदा पाठांतर कमी पडलं आणि हेडमास्तरांच्या पुतणीच्या लग्नाला निघालेले आम्ही सगळे आहेर देऊन, जेवून आलो ते भलत्याच कार्यालयातून. बाईंना त्याचं काही नाही. "कागद लई ब्येस हुता, गुरुजी. जाड."

गडमुडशिंगीच्या शाळेत बाई पहिलीला शिकवायच्या, मी शेजारी दुसरीला. नव्वदीनंतरचा काळ. मधल्या भिंतीतून त्यांचा खणखणीत आवाज दिवसभर यायचा. "मोड. आता जोड. मोडल्याबिगर कळायचं न्हाय." पत्रिकांतून कापलेल्या दोन त्रिकोणांचा चौकोन, चौकोनाचे पुन्हा त्रिकोण. डब्यातल्या भाकरीचेसुद्धा चार तुकडे करून, ते परत गोल जुळवून मगच खायच्या.

एका वर्षी रेश्मा नावाची पोरगी पहिलीत आली. बाप वारलेला, आई तिला आजोळी ठेवून इचलकरंजीला कामाला गेलेली. तिनं दोन त्रिकोणांचा चौकोन केला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली.

"आता मोड," बाई म्हणाल्या. पोरगी हलेना. बाईंनी हात पुढं केला तशी ती रडायलाच लागली. "मोडू नगा. जोडलंय त्ये."

पलीकडं बाईंचा आवाज एकदम थांबला म्हणून मी डोकावलो. बाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या होत्या. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाल्या.

तो चौकोन खिडकीत ठेवला गेला. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं बाईंनी शिपायालाही बजावलं. दिवाळीत आई येऊन, राहून गेली. सुट्टीनंतर एके दिवशी रेश्मानं आपणच ते त्रिकोण सुटे केले आणि एक फिरवून दुसऱ्याला लावला.

"बाई, डोंगार झाला."

"झाला की," म्हणून बाई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. मी विचारलं, बरं वाटत नाही का?

"भावाची पोरगी मी संभाळलीय, गुरुजी," त्या म्हणाल्या. "तिची आई आजारी, म्हणून तान्ही हुती तवापासनं माज्याकडं. साळंच्या वयाची झाली तसा भाऊ घिऊन गेला गारगोटीला. बरोबरच हाय, त्येची लेक. पर मी परत बघायला गेलोच न्हाय."

इतकी वर्षं शेजारी शिकवत होतो. बाई एकट्या राहतात, यापलीकडं मला काही ठाऊक नव्हतं.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर बाई गारगोटीच्या एसटीत बसल्या. सोमवारी मी विचारलं, "भेटली का?"

"भेटली की. आठवीत हाय. उंच झालीया." बाईंनी खडू उचलला, परत ठेवला. "मला आत्या म्हनाली. पयलं आई म्हनायची."

मग म्हणाल्या, "च्या मात्र तिनंच केला. ग्वाड केलता."