दिवंगतही सभासदच

"अहो, दिवंगतांनाही निरोप गेलाय!" ग्रंथपालबाई पडद्याला नाक टेकवून ओरडल्या.

वाचनालयाचा संगणक सांभाळणारा धावत आला. पुस्तकांची मोजणी जवळ आली होती, म्हणून साध्या सभासदांना "शनिवारपर्यंत पुस्तक परत करा" असा निरोप मोबाइलवर धाडायचा होता. त्याने यंत्राला सांगितलं, 'सभासद काढ'. त्या यंत्रात सभासदांच्या पोटात बालसभासद, आजीव सभासद, दिवंगत सभासद असे पोटप्रकार होते. 'नुसते सभासद, पोटप्रकार नकोत' एवढं सांगायचं राहिलं. यंत्र पडलं सांगकाम्या, त्याने अख्खं गोत गोळा केलं.

त्याची भीती मात्र वेगळीच होती. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा त्यांनी नेलेलं प्रवासवर्णन अर्धंच वाचून झालं होतं. एकशे बाराव्या पानावर त्यांची खूण तशीच होती. ते पुस्तक घरातून जाऊ नये म्हणून त्यानेच बाबांना घाईघाईने दिवंगतांत टाकलं होतं, कारण त्या यादीला कुणी तगादा लावत नसे. आता आपल्याच हाताने तो तगादा लावून बसला होता.

शनिवारी सकाळी बाईंनी कुलूप उघडलं, तर आत टेबलावर दिवंगतांच्या नावावरची अकरा पुस्तकं नीट रचून ठेवलेली. वरची धूळसुद्धा पुसलेली.

"घरच्यांनी आणून दिली असतील," तो म्हणाला.

"किल्ली माझ्या कमरेला आहे."

"आणि जिवंतांची किती आली?"

"एक. तेही दुसऱ्या वाचनालयाचं."

सगळ्यात खालचं पुस्तक बाबांचं होतं. त्याने घरी फोन लावला. "आई, बाबांचं पुस्तक कपाटात आहे ना गं?"

"असणारच की. थांब, बघते." बराच वेळ नुसती पावलं ऐकू आली. "नाही रे! आणि त्यांचा चष्मापण नाही."

त्याने पुस्तक उघडलं. खूण शेवटच्या पानावर होती. त्याला भरून आलं. बाबा पहिल्यापासून सावकाश वाचणारे.

डोळे पुसून तो चूक दुरुस्त करायला बसला, तोच बाईंनी त्याचा हात धरला. "राहू द्या. वेळेवर परत करणारे एवढेच तर आहेत."

"पण बाई, हे बघा." पडद्यावर बाबांच्या नावापुढे आजचीच नोंद होती. प्रवासवर्णन, भाग दुसरा. मुदतीचा रकाना रिकामा.

बाईंनी कळफलक पुढे ओढला. "किती दिवसांची घालू?"

"घालू नका," तो म्हणाला. "होऊ दे त्यांचं सावकाश."