दर तिसऱ्या दिवशी एक सक्षम व्यक्ती

माणसानं कुठं राहावं हे पूर्वी देव ठरवायचा, नंतर सरकार ठरवू लागलं आणि हल्ली विमा कंपनी ठरवते. तिघांत कंपनीचं अक्षर सर्वांत बारीक.

मी आणि माझी बायको आयली, आम्ही सोळा वर्षं या तिघांच्या मर्जीनं राहिलो. सहा महिने कॅनडात, उत्तर ओंटारिओतल्या कार्टर बे या आमच्या गावी आणि थंडीचे सहा महिने फ्लोरिडातल्या पेलिकन पाम्स नावाच्या वसाहतीत. अशा लोकांना आमच्याकडे हिमपक्षी म्हणतात. खऱ्या पक्ष्यांत आणि आमच्यात फरक एवढाच, की पक्ष्यांचे गुडघे दुखत नाहीत, आणि दक्षिणेकडे निघताना ते घरट्याची किल्ली शेजारणीकडे देत नाहीत.

लाकडाच्या गिरणीत मी एकेचाळीस वर्षं काम केलं. पापण्यांवर बर्फ धरायचा अशा थंडीत ओंडके ओढले. निवृत्त झालो त्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की आपल्याला थंडी सोसत नाही. (एकेचाळीस वर्षांत हे पाहायला वेळ मिळाला नव्हता.)

पेलिकन पाम्समध्ये चाकं काढून कायमची बसवलेली एकशे साठ घरं आहेत आणि त्यांतली एकशे चाळीस आमच्यासारख्यांची. गावापासून लांब जायचं म्हणून सगळे तीन दिवस गाडी हाकत तिथं येतात आणि आल्यापासून गावाबद्दलच बोलतात. सकाळी सातला प्रत्येकजण आपापल्या गावचं तापमान बघतो. घरी उणे तीस असलं की कॉफी गोड लागते. उणे पस्तीसला लोक एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात. एका जानेवारीत कार्टर बेला चक्क पाऊस पडला, तेव्हा वसाहतीवर सुतकी कळा आली होती. एक गृहस्थ म्हणाले, "मग आपण इथं आलो कशाला?" त्यांना गप्प बसवण्यात आलं.

बाकी वेळ दिवस मोजण्यात जातो. अमेरिका म्हणते, एकशे ब्याऐंशी दिवस झाले की बऱ्या बोलानं निघा. ओंटारिओ म्हणते, वर्षातले निदान पाच महिने घरी काढा, नाहीतर तुमचं आरोग्याचं कार्ड हे नुसतं कार्ड आहे. हद्द ओलांडल्यावर उरलेला अर्धा तास हासुद्धा अख्खा दिवस धरतात, त्यामुळे हे काम येरागबाळ्याचं नाही. म्हणून आम्ही दिवसमोजणी समिती स्थापन केली. सभासद पाच, अध्यक्ष मी. (मोठ्या चौकटींचं कॅलेंडर माझ्याकडेच होतं.) लीप वर्षी समितीच्या सहा बैठका झाल्या आणि 'एकोणतीस फेब्रुवारी हा दिवस आहे' असा ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला.

अमेरिका आणि ओंटारिओ असे सांभाळले, तरी विमा कंपनी उरतेच. तिचं म्हणणं असं: हिवाळ्यात घर रिकामं असताना दर तिसऱ्या दिवशी एका सक्षम प्रौढ व्यक्तीनं आत जाऊन पाहणी केली पाहिजे. नाहीतर नळ गोठून फुटला तर आम्ही तुम्हाला ओळखत नाही.

आमची सक्षम प्रौढ व्यक्ती म्हणजे समोरच्या घरातल्या वेल्मा ट्रॉटियरबाई. वय एक्याऐंशी, नवरा पूर्वीच गेलेला, मूलबाळ नाही. गावाच्या शाळेत तीस वर्षं शिकवत होत्या, म्हणून अख्खं गाव त्यांना बाई म्हणतं. मी म्हणतो ते वेगळ्या कारणानं. गिरणीत काही लिहायची वेळ आली की मी चष्मा विसरलो म्हणून सांगायचो. (मला तेव्हा चष्मा नव्हता.) सत्तावन्नाव्या वर्षी बाईंनी मला कोपऱ्यावर गाठून म्हटलं, "ऑर्व्हिल, मंगळवारी वाचनालयाच्या तळघरात यायचं. चष्मा नको, पेन्सिल आण." दोन हिवाळ्यांत त्यांनी मला लिहिता-वाचता केलं.

लिहायला आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं जे पानभर लिहिलं, ते बाईंसाठीच होतं. गुरुदक्षिणाच म्हणा. त्याचं नाव होतं 'घराची देखभाल, नीयम एक ते अकरा'. सगळे इथं देत नाही, काही देतो:

१. दर तिसऱ्या दिवशी पुढच्या दारानं आत येणे.
३. स्वयंपाकघरातला नळ सोडून साठ आकडे मोजणे. भरभर मोजू नये.
४. वहीत तारीख, आतलं तापमान आणि सही.
६. दारापुढच्या बर्फात जाता-येता पावलं उमटवणे, म्हणजे घरात वर्दळ आहे असं वाटेल.
९. माझ्या खुर्चीत बसू नये. (स्प्रिंग.)
११. घराला काही झालं तर फोन करणे. घराला काही झालं नसेल तर फोन करू नये.

बाईंनी पान वाचलं, घडी करून खिशात टाकलं आणि म्हणाल्या, "अक्षर सुधारलंय."

आयली दर वर्षी त्यांना आमच्याबरोबर चला म्हणायची.

"मला नको तुमचं ऊन," बाई म्हणायच्या. "तिथं सगळे गोड बोलतात. मला भांडायला माणूस लागतं."

"मग हिवाळ्यात इथं कुणाशी भांडता?"

"तुमच्या घराशी."

मागच्या जानेवारीत, उणे चौतीसच्या दिवशी, वसाहतीत आनंदाचं वातावरण असताना बाईंचा फोन आला.

"काय झालं? नळ फुटला?"

"घर ठीक आहे."

"हीटर?"

"अरे, ठीक आहे म्हटलं ना."

"मग फोन?"

बाई म्हणाल्या, "काही नाही रे. दिवसभर बोलले नव्हते, घसा चालतोय का ते बघत होते. उन्हात भाजला नाहीस ना अजून?"

"बाई, नियम अकरा," मी म्हणालो. अगदी हसत म्हणालो. त्याही हसल्या. "हो की. विसरलेच," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आयली भांडी पुसत होती. "तू माणूस आहेस की कुलूप?" तिनं विचारलं.

"तो नियम त्यांच्याच सोयीचा आहे," मी म्हणालो. हा नियम त्यांच्या सोयीचा कसा, हे तेव्हा मला चांगलं सांगता आलं होतं. आता आठवत नाही.

अठरा फेब्रुवारीला हार्वे पेल्टनचा फोन आला. हार्वे गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ सारतो आणि उन्हाळ्यात कबरी खणतो.

"ऑर्व्हिल, वाईट बातमी आहे. वेल्माबाई गेल्या."

इथं मला एक गोष्ट नोंदवायची आहे. नंतर लोकांनी ती अनेक प्रकारे सांगितली, म्हणून मूळ शब्द माझ्याच हातचे असलेले बरे. मी म्हणालो, "अरेरे! मग नळ कोण बघतंय?"

हार्वे म्हणाला, "नळ चालूच होता. तुमच्या स्वयंपाकघरात सापडल्या. काल सकाळी गाडी घेऊन गेलो तेव्हा तुमच्या दारापुढं पावलं आत गेलेली दिसली. आज गेलो तर तीच पावलं. बाहेर आलेली नाहीत. म्हणून थांबलो."

म्हणजे सहाव्या नियमाचा उपयोग झाला. बाई स्वतःच्या घरी गेल्या असत्या तर कुणाला कधी कळलं असतं कोण जाणे. त्यांच्या घरात माणूस राहत असल्यामुळे तिथं कुणी डोकवायची अट कुठल्याच कंपनीनं घातलेली नव्हती.

त्याच दुपारी मी समितीची तातडीची बैठक घेतली. अध्यक्षांनी घरी जावं की न जावं, असा विषय होता. विचारविनिमयानंतर न जाण्याची कारणं अशी निघाली: एक, आमच्याकडे जमीन मेपर्यंत दगडासारखी गोठलेली असते, त्यामुळे हिवाळ्यात गेलेलं माणूस दफनभूमीच्या कोठीत वसंताची वाट बघतं. म्हणजे घाई कुणालाच नाही, खुद्द बाईंनाही नाही. दोन, मधेच घरी गेलं की प्रवासातल्या आजारपणाचा विमा संपतो. तीन, येत्या शनिवारच्या सामुदायिक न्याहारीत धिरडी मी भाजणार होतो. ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्या समितीत एकमत क्वचितच होतं. मी ठराव घरी वाचून दाखवला.

आयलीनं पूर्ण ऐकून घेतला. "झालं?"

"हो."

"मला विमानतळावर सोड."

"पण तुझे अजून बासष्ट दिवस शिल्लक..."

"ऑर्व्हिल," ती म्हणाली, "मला विमानतळावर सोड."

ती गेली. मी राहिलो. शनिवारी धिरडी भाजली. ती चांगली झाली होती असं सगळे म्हणाले. बासष्ट दिवस मी मोठ्या चौकटीत एकेक फुली मारत काढले. रोज संध्याकाळी घरी फोन करायचो. आयली म्हणायची, "आत पंधरा. नळ ठीक." आणि फोन ठेवायची. दोन महिने ती माझ्याशी या दोन वाक्यांपलीकडे बोलली नाही. सक्षम व्यक्तीनं याहून अधिक बोलावं अशी अटही नव्हती.

एप्रिलमध्ये एकशे ब्याऐंशीव्या दिवशी, नियमात राहून, मी हद्द ओलांडली. घरी पोचलो तेव्हा आयलीनं कॉफी दिली आणि कॉफीशेजारी पाहणीची वही ठेवली.

कंपनीला वहीची नक्कल पाठवावी लागते, ती तिनं पाठवलीही होती. उत्तर आलेलं होतं. त्यात लिहिलं होतं की, सदर काळात एक व्यक्ती घरात सलग सव्वीस तास उपस्थित असल्यानं पाहणीची अट समाधानकारकरीत्या पूर्ण झाली आहे. (त्या सव्वीस तासांत ती व्यक्ती सक्षम होती का, हे कंपनीनं विचारलं नाही. कंपनी अडवणूक करणारी नाही.)

मग मी वही उघडली. अट दर तिसऱ्या दिवसाची होती. नोंद रोजची होती.

'२ डिसेंबर. आत पंधरा, बाहेर उणे एकोणीस. नळ ठीक. तुझ्या खुर्चीत बसले. स्प्रिंग आधीपासूनच मेलेली आहे, माझ्यावर आळ घेऊ नकोस.'

'२५ डिसेंबर. आत पंधरा. नळ ठीक. आयलीच्या कपातून चहा घेतला, कप धुऊन ठेवला. तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढं आहे. ते आणि मी, दोघंच बोलत होतो.'

'१४ जानेवारी. बाहेर उणे चौतीस. फोन केला. करायला नको होता.'

शेवटची नोंद अशी: '१७ फेब्रुवारी. आत पंधरा. नळ चालू आहे, मोजता मोजता लिहिते. पहाटेपासून छातीत जड वाटतंय. ऑर्व्हिलला फोन करावासा वाटला. पण घराला काही झालेलं नाही.'

सही होती. सहीशिवाय नोंद ग्राह्य धरत नाहीत.

वहीच्या मागच्या खिशात माझं नियमांचं पान होतं. बाईंनी ते लाल पेन्सिलीनं तपासलेलं होतं. 'नीयम' खोडून 'नियम' केला होता. 'उमटवणे'च्या शेजारी लिहिलं होतं, 'एका माणसानं किती वर्दळ करायची?' प्रत्येक नियमात काही ना काही चूक काढली होती. फक्त अकराव्यात एकही चूक नव्हती. त्याच्यासमोर त्यांनी बरोबरची खूण केली होती. आणि खाली गुण: दहापैकी सात.

मेमध्ये जमीन सैल झाली. हार्वेनं खणलं. त्या दिवशी इतकी गर्दी झाली की गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या. सगळे हिमपक्षी परतले होते. कबरीभोवती उन्हात रापलेली, तुकतुकीत तांबूस तोंडं उभी होती, आणि मधोमध एकट्या बाई, ज्या हिवाळाभर गावात थांबल्या होत्या. पाद्री म्हणाले, बाई कधी एकट्या पडल्या नाहीत, सगळं गाव त्यांचं होतं. सगळ्या गावानं माना डोलावल्या. मीही डोलावली.

यंदा आम्ही गेलो नाही. मी कारण गुडघ्याचं सांगितलं. (फ्लोरिडातही ते दुखायचे.) मी थांबतोय हे कळताच ऑक्टोबरात लोक एकेक करून किल्ली घेऊन आले. सध्या माझ्याकडे नऊ घरं आहेत. मी शहात्तर वर्षांचा आहे, पण कंपनीच्या व्याख्येत अजून बसतो. रोज तीन घरं करतो. साठ आकडे सावकाश मोजतो. बर्फात पावलं उमटवतो, आत जाणारी आणि बाहेर येणारी दोन्ही, आणि बाहेर येणारी जरा जोरात. हार्वे गाडीतून मोजतो आणि हॉर्न देतो. मग आयलीला सांगतो म्हणे, "आला बाहेर तुझा."

नऊही घरांत मालकाची एकेक खुर्ची आहे आणि मी प्रत्येकीत बसतो. तुमची उजवीकडं कलते.

हो, तुमचीही किल्ली आहे त्यात. रविवारी तुमचा फोन येतो. घर कसंय, विचारता. मी सांगतो, ठीक आहे. नळ? ठीक. मग इकडे उणे किती ते विचारता, ऐकून खूश होता आणि फोन ठेवता. त्याच्या पुढचं तुम्ही विचारत नाही, आणि तुमची नियमांची यादी माझ्यासमोर भिंतीलाच लावलेली असल्यामुळे मीही सांगत नाही. शेवटचा नियम तुमच्याही यादीत आहे. मी लाल पेन्सिल घेऊन तपासला. त्यात एकही चूक नाही.